कोंढ्याची रीत

पवनीत आम्ही ज्यांच्या घरी भाड्यानं राहायचो त्या बाईंना मूल नव्हतं, सून नव्हती, जावई नव्हता. पण आळीतल्या कुठल्याही बाळंतिणीनं काय प्यावं, किती प्यावं आणि ती पीत असताना घरातल्या बाकीच्यांनी कुठं उभं राहावं, हे त्याच ठरवायच्या. लहानथोर सगळे त्यांना मोठीमाय म्हणत. आमच्याकडे आईच्या थोरल्या बहिणीला मोठीमाय म्हणतात. आळीतल्या सगळ्यांच्याच आया आपल्या धाकट्या बहिणी आहेत असं धरून त्या वागायच्या, आणि गंमत म्हणजे त्या आयाही ते मान्य करायच्या.

उंच, वाळलेल्या, लुगड्याच्या ओच्यात अडकित्ता आणि सुपारी. यजमान धानाचे व्यापारी होते, ते फार लवकर गेले. माहेर कोंढ्याचं. कोंढा म्हणजे पवनीहून काही विलायत नव्हे. लाल बसमध्ये बसायला जागा मिळेपर्यंत उतरायची वेळ येते. पण मोठीमाय ज्या सुरात "आमच्या कोंढ्यात" म्हणायच्या त्यावरून ते काशीच्याही पलीकडे असावं आणि तिथं जायला पुण्य लागत असावं असं वाटायचं.

त्यांचं एक वाक्य होतं, "आमच्या कोंढ्याची रीत हाय." हे वाक्य आलं की बोलणं संपलं. माणूस डॉक्टरशी वाद घालील, मास्तरशी घालील, फारच झालं तर नवऱ्याशी मनातल्या मनात घालील. पण रीतीशी कोण घालणार? आणि तीही दुसऱ्या गावच्या?

स्वयंपाकघरात भंडाऱ्याहून आणलेला एक मोठा पितळी गंज, म्हणजे उभट पातेलं, होता, आतून कल्हई केलेला. तो फक्त काढ्याचा. आळीत कुणाला दिवस गेल्याची बातमी नवऱ्याच्या आधी मोठीमायला लागायची आणि दुसऱ्या दिवशी गंज घासून उन्हात पडलेला दिसायचा. दोन जिवांच्या बाईला गवती चहा. गवती चहाची दोन-चार पाती, आल्याचा तुकडा, गूळ, एखादी वेलची, बस. "पोटात लेकरू हाय तवर गरम मसाला नाही. उतावीळपना मंग करा," असं त्या बजावायच्या. बाळंतपणानंतर खरा काढा: सुंठ, ओवा, बाळंतशोपा, पिंपळमूळ, गूळ. यात जगावेगळं काही नव्हतं. असा काढा भंडारा जिल्ह्यात घरोघरी होतो. जगावेगळ्या होत्या त्या त्याच्याबरोबर येणाऱ्या रीती.

पहिली रीत अशी की काढ्याची सुंठ लेकराच्या बापानंच कुटायची. तीही ओसरीवर बसून, चारचौघांदेखत. आमच्या शेजारच्या खोलीत एक पोलीस जमादार राहत. मिशा अशा, की पोरं त्यांना पाहून आपण होऊन घरी जात. त्यांना मुलगा झाला तेव्हा मोठीमायनं त्यांच्या पुढ्यात खलबत्ता ठेवला. जमादार म्हणाले, "मोठीमाय, मी ड्यूटीवर जाऊन राहिलो."

"मंग जा ना. वर्दीतच कुटा. कोंढ्यात तं पाटील फेटा बांधून कुटते."

जमादारांनी वर्दीत सुंठ कुटली. समोरच्या पानठेल्यावर त्या दिवशी इतकी गर्दी झाली की पानवाल्याचा कात संपला. पण मी स्वतः पाहिलेली गोष्ट सांगते, त्या दिवसानंतर जमादार घरात शिरताना बूट दाराबाहेर काढू लागले आणि बायकोशी बोलताना आवाजही थोडा बाहेरच ठेवू लागले. बत्त्याचे चार घाव घातल्यावर माणसाला आपण बाप झाल्याचं कळतं, असा मोठीमायचा सिद्धांत होता.

दुसरी रीत पाहुण्यांसाठी. बाळ पाहायला जो येईल त्यानं आधी बाळंतिणीच्या नावानं गिलासभर काढा प्यायचा. हा काढा वेगळा असायचा. त्यात भुईनीम घातलेला असे. भुईनीम ज्याला ठाऊक नाही त्यानं सुखी राहावं. कडूपणा जिभेवरून कानात चढतो. प्रेमानं आलेली बाई डोळे मिटून पिऊन टाकायची आणि बाळाला पाहून जायची. पण "मुलगीच झाली का?" किंवा "रंग कोणावर गेला म्हणायचा?" हे विचारायला निघालेल्या बाया पहिल्या गिलासानंतर पुढच्या वेळी आमच्या फाटकाशीच दुसरं काम आठवून परत फिरत.

आणि तिसरी रीत, जिच्यासाठी मी त्यांना जन्मभर विसरणार नाही. बाळंतीण काढा पीत असताना तिच्याशी कुणी बोलायचं नाही. "बोल लागला का काढा पोटात उलटते." बाळाला दुसऱ्याकडे द्यायचं, दार ओढून घ्यायचं, आणि मोठीमाय दाराबाहेर सुपारी कातरत बसणार. गिलास मोठा, काढा कढत, घोट लहान. आत बाई एकटी. नवरा विचारू शकत नाही, सासू सांगू शकत नाही. दिवसातून दोन-तीनदा तिला हा एकांत मिळायचा. आमच्या आळीतल्या कितीतरी बायकांना लग्नानंतर पहिल्यांदा एकटं बसायला मिळालं ते काढा पिताना. काय करत असतील त्या आत? मी काय केलं ते सांगते. मी भिंतीला टेकून नुसती बसले. इतकं बरं वाटलं की मला दुसऱ्या लेकराची इच्छा झाली.

माणसं मोठीमाय त्यांच्या जन्मावरून ओळखायच्या. बाजारात कुणी पुढारी भाषण देत असला की म्हणायच्या, "हा पायाकडून जलमला. तवापासून याचं सारं उलटंच." कुणी तालेवार व्यापारी गाडीतून उतरला की म्हणायच्या, "याच्या मायले मीच काढा पाजला. काढ्यात दोष नव्हता बापा." स्वतः मात्र काढ्याचा थेंब घ्यायच्या नाहीत. त्यांना लागायचा साखरेचा दाट, कडक चहा. तो बशीत ओतून फुर्रकन पीत त्या दुसऱ्यांना काढ्याचे गुण सांगायच्या.

आता माझी गोष्ट. सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध. मी पवनीत शाळेत शिकवायची, यजमान कचेरीत कारकून. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. बाळंतपणाची सुटी संपली त्या दिवशी हजर झाले नाही तर जागा दुसरीला जाणार, हे हेडमास्तरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि मला शिकवायला मनापासून आवडायचं. चाळीस पोरी एका सुरात पाढे म्हणायच्या आणि मला वाटायचं, हे गाव माझं आहे.

माझी आई मी शाळेत असतानाच गेली. त्यामुळे बाळंतपणाला साकोलीकडच्या गावाहून सासूबाई आल्या. ठेंगण्या, ठसठशीत, कामाला वाघ. पाच मुलगे वाढवलेले, घरी धानाची शेती, गावाच्या तलावाखालची जमीन. येतानाच त्यांनी ठरवून आणलं होतं की सवा महिना झाला की लेकराला आणि मला गावी न्यायचं, आणि नोकरीचं ते खूळ तिथंच संपवायचं. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही. "दुसऱ्याचे पोट्टे सांभाळाले जाशीन आन आपली पोट्टी पाळण्यात रडत राहीन. मंग कायले पायजे अशी नोकरी?" यजमान आईच्या शब्दाबाहेर नसायचे. ते मुकाट्यानं ओसरीवर सुंठ कुटायचे.

सासूबाई आणि मोठीमाय यांचं पहिल्याच दिवशी वाजलं, ते पाण्यावरून. बाळंतिणीला पाणी द्यायचं नाही, असा सासूबाईंचा नेम. माझा घसा कोरडा पडलेला. मोठीमाय भलामोठा गिलास भरून घेऊन आल्या. सासूबाईंनी आत डोकावून पाहिलं.

"हे तं पानी दिसते."

"पानी कुठी? काढाच हाय. पातळ हाय."

"पातळ मंजे? याच्यात तं गवताची एक काडी पोहून रायली."

"येकच टाकाची रायते, विहीणबाई. आमच्या कोंढ्याची रीत हाय." माझ्या आईच्या जागी आपणच आहोत असं ठरवून त्यांनी सासूबाईंना विहीणबाई करून टाकलं होतं.

सासूबाई अशा सहज हार जाणाऱ्या नव्हत्या. त्यांनी कमरेवर हात ठेवून विचारलं, "तुमचे सोताचे बाळंतपन झाले किती?"

आळीत हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मोठीमायनं सुपारीचं खांड तोंडात टाकलं आणि शांतपणे म्हणाल्या, "आमच्या घरी जलमभर धान मोजलं विहीणबाई. नांगर कदी धरला नाही. पन कोनता धान पोचट हाय, हे हातात घेतल्याबरोबर समजे."

सासूबाई दारातून बाजूला झाल्या. मी तो पातळ काढा घटाघटा प्याले. ते कोमट पाणीच होतं, आणि इतकं गोड पाणी मी नंतर कधी प्याले नाही.

सवा महिना सरत आला. सुटी संपायलाही थोडेच दिवस उरले होते. एके सकाळी सासूबाईंनी ट्रंक ओसरीवर आणून ठेवली, पाळण्याची दोरी सोडली आणि यजमानांना बसची वेळ पाहून यायला पाठवलं. मी खोलीत बाळाचे लंगोट घडी करत होते. त्याच वेळी मोठीमाय गंज घेऊन आल्या आणि ट्रंकेवर बसल्या.

"काढा उतरला नाही अजून, विहीणबाई."

"सवा महिना झाला ना."

"पयली पोट्टी असली तं सवा वर्ष. आन ज्या चुलीवर काढा चढला त्याच चुलीवर उतरला पायजे. मधात चूल बदलली का बाईचं दूध आटते."

ही रीत मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होते. जमादारांच्या बायकोला तर मोठीमायनं स्वतःच महिन्याभरात माहेरी पाठवलं होतं. मी मान वर केली नाही.

दुधाचा विषय होता. नातीच्या दुधाशी खेळ करायची सासूबाईंची छाती नव्हती. पण आपल्याला कुणीतरी गुंडाळतंय हेही त्यांना कळत होतं. शेवटी त्यांनी पदर खोचला.

"बरं. कोंढा काई दूर नाही. मी सोता जाऊन इचारून येतो."

आणि खरंच गेल्या. ट्रंक ओसरीवरच राहिली.

मोठीमाय माझ्याजवळ येऊन टेकल्या. त्यांच्या हातातला अडकित्ता उघडाच राहिला होता. "तुही सासू लय हुशार हाय व," त्या म्हणाल्या, आणि त्या आवाजात कौतुक होतं की भीती, ते मला समजेना.

मी विचारलं, "मोठीमाय, कोंढ्याची खरी रीत काय आहे?"

"कोंढ्याची?" त्यांनी अडकित्ता मिटला. "कोंढ्यात बाळंतीन आठ-दहा दिवसांनी शेन काढाले जाते. शेनाले माही माय गेली, माही भावजय गेली. पानी मांगलं तं शिव्या भेटत. बाकी काय रीत रायते?"

मला रडूच कोसळलं. नोकरी तर गेलीच, वर खोटं पकडलं गेल्याची शरम. मोठीमायनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि सवयीनं म्हणाल्या, "बाळंतिनीनं रडाचं नाही, आमच्या कोंढ्याची..." आणि मध्येच थांबल्या. त्यांना असं मध्येच थांबलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं. त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला नाही.

दिवस मावळताना बस आली. सासूबाईंनी पाय धुतले, नातीला मांडीवर घेतलं आणि कुणीही न विचारता सांगायला सुरुवात केली. यजमान दाराशी उभे, मोठीमाय चुलीपाशी पाठ करून.

"तुमच्या भावजयीच्या घरी गेलतो. तिची सून बाळंतीन हाय."

मोठीमायनं चुलीत लाकूड सारलं.

"ओसरीवर पोट्टा सुंठ कुटून रायलता. सुनेच्या खोलीचं दार बंद. तुमची भावजय दाराशी बसलेली. मी तोंड उघडलं तं तिनं माह्या तोंडावर हात ठेवला. म्हने, बोलू नका बाई, आत काढा चालू हाय. मंग मले अशा कडू काढ्याचा गिलास पाजला का अजून जीभ जाग्यावर नाही." सासूबाईंनी नातीचं टोपडं नीट केलं. "मी म्हनलं, ही इथली जुनी रीत हाय काय? तं म्हने, नाही बाई, आमच्या इथी असं काई नव्हतं. ही पवनीची रीत हाय. आमची नणंद तिथी रायते, तिनं सांगतली. पवनीचे लोक लय सुधारलेले हाय म्हने."

चुलीतलं लाकूड तडकलं. यजमानांना खोकला आला आणि ते बाहेर गेले.

"पवनीत कोंढ्याची सांगता," सासूबाई म्हणाल्या, "आन कोंढ्यात पवनीची."

मोठीमाय वळल्या. जराही कावऱ्याबावऱ्या न होता म्हणाल्या, "मंग आता दोन गावची झाली ना."

सासूबाईंनी मोठीमायकडे न पाहता, नातीच्या मुठीत आपलं बोट देत विचारलं, "माह्या वक्ताले कुठी होत्या तुमी?"

मोठीमायजवळ प्रत्येक प्रश्नाला रीत होती. या प्रश्नाला नव्हती. त्यांनी गंज चुलीवर चढवला, सुंठ टाकली, गूळ टाकला. काढा झाल्यावर मोठा गिलास भरून सासूबाईंच्या पुढं धरला, नातीला त्यांच्या मांडीवरून उचलून माझ्याकडे दिलं आणि आम्हा दोघींनाही खोलीबाहेर काढून दार ओढून घेतलं. सासूबाई आत एकट्या. पाच बाळंतपणं झालेली ती बाई आत किती वेळ बसली कोण जाणे. यजमान एकदा विचारायला आले, "आई कुठी गेली?" तर मोठीमायनं ओठांवर बोट ठेवलं.

दार उघडून सासूबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी ओसरीवरची ट्रंक पायानं आत सरकवली. ट्रंक उद्या कुठं जाणार, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आम्ही पोचलो नाही म्हणून काळजीनं सासरे दोन दिवसांनी स्वतःच आले, नेमके माझी सुटी संपायच्या आदल्या दिवशी. सासरे म्हणजे भला माणूस, पण घरात बायको नसली की त्यांना आपलं धोतर कुठं ठेवलंय तेही सापडत नसे. त्यांनी आल्याआल्या भुईनिमाचा गिलास रीतसर घेतला, नातीला पाहिलं, डोळे पुसले. ते आनंदानं की काढ्यानं, हे सांगणं कठीण. मग म्हणाले, "चला आता. दुपारची गाडी हाय. सामान बांधा."

सासूबाई पाळण्याची दोरी पुन्हा बांधत होत्या. म्हणाल्या, "सुनबाई उद्या शाळेत जाते. पोट्टीपाशी मी रायतो."

"आन घर? ढोरं? माहा सैपाक?"

"तुमचा तुमी करा."

सासऱ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. यजमान लगबगीनं खलबत्त्याकडे गेले. "असं कुठी रायते काय? काहून जमत नाही तुले घरी याले?"

"नातीचे दात येईपर्यंत आजीनं गावाची शीव ओलांडाची नाही," सासूबाई म्हणाल्या. "ओलांडली तं दात वाकडे येते."

"दात वाकडे?" सासरे चक्रावले. "मी तं कदी ऐकलं नाही. कोनत्या गावची रीत हाय ही?"

मोठीमायचा अडकित्ता थांबला. मला वाटलं, आता कोंढा येतो. सासूबाईंनी दोरीची गाठ आवळली, पाळण्याला एक झोका दिला आणि नवऱ्याच्या डोळ्यांत पाहून म्हणाल्या, "माही हाय."

सासरे दुपारच्या गाडीनं एकटेच परत गेले. दुसऱ्या दिवशी मी शाळेत हजर झाले.